इंदूरच्या वाटेवरचा करपट वास

विजापूर-सोलापूरकडच्या माणसाला इंदूर लांब वाटते, पण रस्ता विचारायची गरज पडत नाही. अंकोल्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ हुबळी, विजापूर, सोलापूर, बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे करीत थेट इंदूरला जातो आणि पुढे पंजाबात संगरूरला संपतो. वाटेत कन्नड नावाचे गाव लागते. आमच्या नातीने पाटी वाचून विचारले, "आजोबा, इथे सगळे कन्नड बोलतात?" तिथे कोणी बोलत नाही, हे तिला पटवून देण्यात अख्खा घाट सरला.

आत्याच्या नातवाचे लग्न इंदुरात, रामबागेत. रामबाग म्हणजे इंदूरच्या मराठी मंडळींची जुनी वस्ती. गाडी आमची सोळा वर्षांची, पेट्रोलची. मागच्या सीटवर गुडघे धरलेली आई, शेजारी नात. धुळे मागे टाकले, शिरपूर सोडले, आणि बिजासन घाटाच्या चढावर सौ. माहेरच्या बोलीत म्हणाली, "एनो सुट्ट वासनी बरतद री." काहीतरी जळल्याचा वास येतोय.

घाटात असा वास नवा नसतो. समोरून उतरणाऱ्या ट्रकांचे ब्रेक तापलेले असतात. काचा वर केल्या. सेंधव्यापर्यंत काही नाही. खलघाटला नर्मदा ओलांडली, आईने हात जोडले, आणि पुढच्या गणपती घाटाच्या चढानंतर पुन्हा तोच वास. या घाटाच्या उतारावर ट्रकांचे ब्रेक जाऊन पुष्कळ अपघात झालेले आहेत, त्यामुळे ट्रकांवर संशय जाणे साहजिकच होते. पण राऊच्या अलीकडे चहाला थांबलो, आजूबाजूला एकही ट्रक नव्हता, तरी वास गाडीतच दाटला.

सगळ्यांना आधी खाली उतरवले आणि बॉनेट उघडण्यापूर्वी कडांतून धूर येतो का ते पाहिले. धूर किंवा ज्वाळा दिसत असेल तर बॉनेट सताड उघडू नये. आत एकदम हवा शिरते आणि आग भडकते. इथे तसे काही नव्हते. वास मात्र होता, आणि आई म्हणाली, "मी आता रिक्षाने येते." म्हातारीला जीव प्यारा, यात चूक काय?

दुसऱ्या दिवशी आत्याच्या शेजाऱ्यांनी एका मिस्त्रीकडे नेले. गृहस्थ साठीचे, बोलणे माळवी वळणाच्या हिंदीत. मला वाटले, पाना घेऊन गाडीखाली शिरतील. ते स्टुलावर बसून प्रश्नच विचारू लागले. वास चढावर येतो की उतारावर? गाडी चालताना की थांबल्यावर? पंखा चालू असताना जास्त येतो का? कशाच्या वासासारखा आहे, हे त्यांनी सर्वांत शेवटी विचारले.

त्यामागचा हिशेब त्यांनी चहा येईपर्यंत समजावला. चढावर क्लच अर्धा दाबून धरला की प्लेट घासते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. तो काही वेळाने जातो. उतारानंतर एकाच चाकाजवळ उग्र वास आणि रिम चटका देण्याइतकी तापलेली, तर ब्रेक अडकला आहे. गोडसर वास म्हणजे रेडिएटरचे कूलंट गळते आहे. सडक्या अंड्यासारखा वास बॅटरीला जास्त चार्जिंग होत असल्याची खूण. प्लॅस्टिक जळल्याचा वास असेल तर मात्र थट्टा नाही. तेव्हा गाडी तिथेच बंद करायची आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. जुन्या गाड्यांना फ्यूज-रिले न बसवता जादा दिवे, मोठे हॉर्न जोडलेले असतात. वायर तापते, वरचे आवरण वितळते आणि आगीला सुरुवात होते.

आमचा वास थांबल्यावर येणारा, पंख्याने वाढणारा. चालत्या गाडीखालून वारा धूर मागे नेतो. गाडी थांबली की तोच धूर वर येतो आणि काचेखालच्या जाळीतून पंखा तो आत ओढतो. म्हणजे इंजिनावरच काहीतरी ठिबकत होते. मिस्त्रींनी इंजिन पुसून कोरडे केले, टॅपेट कव्हरच्या कडेने चक्क अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि गाडी एक फेरी मारून आणायला सांगितले. परतलो तेव्हा मागच्या कोपऱ्यात पावडर ओली, काळी. तिथून तेलाचा थेंब खालच्या तापलेल्या एक्झॉस्टवर पडत होता. चढावर इंजिन जास्त तापते, म्हणून वास घाटानंतर. जुने पॅकिंग काढले तर पापडासारखे कडक होऊन मोडले.

नवे पॅकिंग बसेपर्यंत राजवाडा पाहून आलो. सात मजली वाडा, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. लाकूड म्हटले की आग आलीच. १८०१ साली सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले तेव्हा वाडा जळाला. हे घाटगे आपल्या सीमेवरच्या कागलचे, हे तिथे मोठ्याने बोललो नाही! १९८४ च्या दंगलीतही त्याला आग लागली होती.

रात्री सगळे सराफ्यात. सोन्याची दुकाने बंद झाली की तिथे खाण्याची लागतात. तुपात परतलेला भुट्ट्याचा कीस, तळलेले गराडू, गरम जिलेबी. आई नाक वर करून म्हणाली, "हा वास कुठला, हे शोधायला मिस्त्री नको."

लग्न उरकून परत निघालो. मिस्त्रींनी बजावले होते, शंभर किलोमीटरवर एकदा तेल बघा. सेंधव्याला सपाट जागा पाहून थांबलो, इंजिन जरा निवू दिले आणि डिपस्टिक ओढली. तेल वरच्या खुणेला होते. आई गाडीतून उतरली नाही. मागच्या सीटवर झोपली होती.