पाण्याखालची मजुरी

मे संपत आला. मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढायला लागलेत. आता पावसाळाभर स्कूबा डायव्हिंग बंद आणि पर्यटकांना पाण्याखाली घेऊन जाणाऱ्या डाइव्हमास्टर पोरांची कमाईही बंद.

डायव्हिंगचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देणाऱ्या 'पाडी' (PADI) या संस्थेच्या नियमाने डाइव्हमास्टर व्हायला वय किमान 18 लागतं. 40 डाइव्ह झाल्यावर अभ्यासक्रम सुरू होतो, 60 झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं. शिवाय दरवर्षीचं सदस्यत्व शुल्क आणि स्वतःची साधनं. एवढं करून हाती काय, तर कुठे हंगामापुरता पगार, कुठे फेरीमागे पैसे, आणि पर्यटक खूश झाला तर बक्षिसी. शिकवण्याच्या बदल्यात फुकट राबवून घेण्याची रीत तर जगभर आहे. मला ती मुळीच पटत नाही. घाबरलेल्या माणसाचे डोळे काचेआडून वाचायचे, त्याचा श्वास लयीत आणायचा, त्याला झपकन वर जाऊ द्यायचं नाही. या कसबावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो!

कमाई वाढवायची तर पुढे इन्स्ट्रक्टर व्हावं, कॉम्प्रेसर दुरुस्ती किंवा पाण्याखालचं चित्रीकरण शिकावं. पण तोवर मालकांनी पावसाळ्यात निदान निम्मा पगार द्यायलाच हवा.