पुन्हा रबराकडे

बँडसॉच्या चाकांवर युरेथेनच्या पट्ट्या चढवा, रबराच्या भानगडीत पडू नका, असं मी बरीच वर्षं सांगत होतो. कुडाळ-सावंतवाडीकडच्या अनेक सुतारांनी माझ्या शब्दावर त्या पट्ट्या मागवल्या. आज माझं मत ते राहिलेलं नाही. आपल्या भागातल्या जुन्या बिडाच्या यंत्रांवर मी आता रबरच चिकटवतो. ज्यांनी माझं ऐकून पैसे घातले, त्यांना हे मत का पालटलं ते कळायलाच हवं, म्हणून हे लिहितो आहे.

बँडसॉत वर एक आणि खाली एक अशी दोन चाकं असतात आणि त्यांच्यावरून पात्याचं बंद कडं फिरतं. 14 इंची चाक मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर पातं मिनिटाला जवळजवळ 3000 फूट धावतं. पात्याचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. अरुंद पातं उघड्या बिडावर चालवलं तर ते वाकण दबून जातं, पातं घसरतं आणि काप वाकडा होतो. म्हणून चाकाच्या घेरावर साधारण तीन मिलिमीटर जाडीचं मऊ अस्तर लागतं. वखारीत ओंडके चिरणाऱ्या मोठ्या यंत्रांना ते नसतं, कारण तिथलं रुंद पातं दात चाकाच्या कडेबाहेर ठेवून फिरतं. आपल्या कारखान्यातली वळणं कापायची पाव-अर्ध्या इंचाची पाती मात्र पूर्णपणे या अस्तरावर विसंबून असतात.

रबर म्हातारं होतं. हवेतला प्राणवायू आणि ओझोन त्याला हळूहळू कडक करतात, मग त्याला भेगा पडतात. टेबलाखालचं झाकण उघडलं की काळी भुकटी सापडते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला पातं एकदा ठोका देतं. त्यात आमच्याकडे फणस कापायचा. ओल्या फणसाचा चीक पात्यावर बसतो आणि तो काढायला मिस्त्री लोक केरोसीनचा बोळा फिरवतात. केरोसीनने रबर फुगतं, सैल होतं आणि गोंद सुटतो. युरेथेन या सगळ्याला पुरून उरतं. त्याला तेलाची फिकीर नाही आणि गोंदाचीही गरज नाही. पट्टी चाकापेक्षा थोडी लहान असते. गरम पाण्यात टाकून मऊ करायची, ताणून चढवायची, काम संपलं. एवढी सोय पाहून मी तिच्या बाजूचा झालो. ती सोय आजही खरी आहे.

माझं मन पालटायला सुरुवात झाली ती चाकाच्या आकारावरून. पातं चाकाच्या मध्यावर टिकतं ते घेराच्या मधोमध असलेल्या बारीकशा फुगवट्यामुळे. सपाट पट्टा नेहमी चाकाच्या उंच भागाकडे चढत जातो. जुन्या पिठाच्या गिरणीची पुली मध्ये फुगीर असायची, तीही याचसाठी. हा फुगवटा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असला तरी पुरतो, पण तो नसेल तर अरुंद पातं जरा ताण बदलला की पुढे-मागे भटकतं. ज्या यंत्रांच्या लोखंडी चाकालाच कारखान्यात फुगवटा दिलेला आहे, त्यांच्यावर युरेथेनची पट्टी बसली की ती तोच आकार घेते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच देशी यंत्रांची चाकं मात्र लेथवर सरळ सपाट काढलेली असतात. सपाट चाकावर युरेथेन सपाटच राहतं. आणि त्याला घासून फुगवटा द्यायला गेलं तर ते तापतं, चिकट होतं आणि पॉलिशपेपर भरून टाकतं. वयाने मोठ्या एका मिस्त्रीकाकांनी माझं हे काम पाहून एवढंच म्हटलं होतं, "रबर घासूक येता, ह्यां घासूक येणां नाय." तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. नंतर प्रत्येक सपाट चाकापाशी मला तेच दिसत गेलं.

दुसरं कारण पावसाळा. सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चार महिने हवा ओलीच असते. युरेथेनचे मुख्य प्रकार दोन, एक पॉलिएस्टर जातीचा आणि दुसरा पॉलिईथर जातीचा. पहिल्या प्रकारातले रासायनिक बंध पाण्याच्या वाफेनेही तुटत जातात. आधी पृष्ठभाग चिकट होतो, मग तुकडे पडायला लागतात. कपाटात ठेवलेल्या चांगल्या बुटांचे तळवे दोन-तीन पावसाळ्यांनी हातात भुगा होऊन येतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. पॉलिईथर जातीचं युरेथेन ओलाव्यात कितीतरी जास्त टिकतं. पण आपल्याला मिळणाऱ्या पट्टीच्या पाकिटावर फक्त "युरेथेन" एवढंच लिहिलेलं असतं. रंग निळा की नारिंगी, यावरून काही कळत नाही. कोरड्या हवेतल्या माणसाच्या अनुभवावर मी माझ्या ओल्या कोकणातल्या लोकांना सल्ला देत होतो, हे मला आता पटत नाही.

रबर लावायला मेहनत पडते हे खरं, पण मला ती मेहनत आवडायला लागली आहे. जुनं रबर सोलायचं, गोंदाचा थर थिनर आणि पटाशीने खरवडून बीड स्वच्छ करायचं. चाकाचे आणि पट्टीचे सारखे चार भाग करून खुणा करायच्या. पट्टी शीटमधून कापलेली असेल, तर जोड सरळ न ठेवता तिरका तासायचा, म्हणजे पात्याला ठोका बसत नाही. रबरी गोंद, सुतार ज्याला नुसतं "एसआर" म्हणतात तो, दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यायचा, मग खुणा जुळवत पट्टी थोडी ताणून बसवायची. जिथे गोंद लावायचा नसतो तिथे गोल सळी पट्टीखाली घालून चाकाभोवती फिरवली की ताण सगळीकडे सारखा होतो. गोंद लावल्यावर मात्र हे चालत नाही, खुणांवरच भरवसा ठेवावा लागतो. एक रात्र जाऊ द्यायची. मग पातं काढून ठेवायचं आणि पक्क्या आधाराला टेकवलेल्या फळीवरचा पॉलिशपेपर फिरत्या चाकाला दोन्ही कडांकडे हलका धरायचा. खालचं चाक मोटरवर फिरतं, वरचं हाताने फिरवावं लागतं. कडा उतरतात, मध्य राहतो. यात घाई केली तर मध्यही जातो. दोन्ही चाकांची पट्टी एकाच जाडीची आणि एकाच वेळी बदलायची, नाहीतर दोन्ही चाकं एका रेषेत आणण्यात पुढचा सगळा दिवस जातो.

सायकलच्या ट्यूबचं कडं कापून चढवणारेही आहेत. अडल्या वेळी मी ते चालवून घेतो. पण ट्यूबची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि तिची शिवण पात्याखाली जाणवते, त्यामुळे नक्षीच्या कामाला ती नको.

रबर टिकवायचं असेल तर संध्याकाळी पात्याचा ताण सैल करून ठेवा. ताणलेलं पातं दिवसेंदिवस एकाच जागी दाबून राहिलं की तिथे खळगा पडतो. पात्यावरचा चीक केरोसीनने काढायचाच असेल, तर पातं यंत्रावरून उतरवून काढा. खालच्या चाकाजवळ एक ब्रश बसवा, म्हणजे भुसा रबरावर थापून गोळा धरणार नाही.

ज्यांच्या चाकाला बिडातच फुगवटा आहे, त्यांना मी रबर घ्यायला लावणार नाही. पॉलिईथर युरेथेन मिळालं तर ते बिनधास्त घ्या. मात्र पट्टी मागवण्याआधी जुनं अस्तर सोलून चाकाच्या रुंदीवर आडवी फूटपट्टी धरा. तिच्या दोन्ही टोकांखाली उजेड दिसला तर चाक फुगीर, नाहीतर सपाट. आणि या पट्ट्या विकणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे, आतलं युरेथेन कोणत्या जातीचं आहे ते पाकिटावर छापा. कोकणातल्या गिऱ्हाइकाला रंगापेक्षा ती माहिती हवी आहे.