हिरवूच्या झोपेबद्दल

चि. मनू,



तुझे व्हिडिओ पाहिले. दिवाळीच्या सुट्टीत मोसंबीच्या बागेत सापडलेला घोयरा तू घरी आणलास, त्याला हिरवू म्हणतेस, त्याच्यासाठी नाकतोडे पकडत हिंडतेस, हे सगळं ताईकडून कळलंच होतं. आता तू विचारतेस की त्याची झोप अशी विचित्र का. रात्री तो पांढराफटक पडतो, दिवसा डोळे मिटून बसतो आणि अलीकडे रात्रभर फांदीवर न झोपता पिंजऱ्याच्या तळाशी खरवडत बसतो. मनू, या तिन्ही गोष्टी एकाच माळेचे मणी नाहीत. पहिलीत काळजीचं काही नाही. दुसरीत आहे. आणि तिसरीमुळे मी हे पत्र आजच्या आज लिहिते आहे.

आधी पांढरं पडण्याचं बघू. घोयरा म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन सरडा. तो दिवसा जागतो आणि रात्री गाढ झोपतो. जागेपणी त्याचा रंग सारखा काही ना काही काम करत असतो. सकाळी गारठलेलं अंग गडद करून तो ऊन शोषून घेतो, दुसरा घोयरा दिसला की ठिपके-पट्टे उठवतो, घाबरला की काळवंडतो. त्याच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की रंग पालटतो, हे जिनिव्हा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2015 साली मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर दाखवून दिलं. गडदपणा येतो तो त्याखालच्या काळ्या रंगद्रव्यामुळे. झोपेत यातलं काहीच लागत नाही. काळं रंगद्रव्य आक्रसतं आणि अंग फिकट, पिवळसर-पांढरं होतं. म्हणून तर मादागास्करच्या जंगलात अभ्यासक शॅमेलिऑन मोजायला रात्री टॉर्च घेऊन निघतात. दिवसा डोळ्यासमोर असून न दिसणारा प्राणी रात्री पानांत उठून दिसतो. तू मात्र टॉर्च रोखून धरू नकोस. उजेड पडलेली बाजू हळूहळू गडद होत जाते आणि त्याची झोप मोडते.

झोपायच्या आधी त्याचा एक डोळा फुग्यासारखा बाहेर येतो, गरगर फिरतो आणि तो फांदीवर घासतो, हे बघून तू घाबरलीस. घाबरू नकोस, तो डोळा साफ करतो आहे. दिवसभराची धूळ अशी निघाली की पापण्या मिटतात, शेपटी गुंडाळली जाते आणि मग तो हलत नाही. मिटल्या पापणीखाली बुबुळ हलल्यासारखं वाटतं, हे तुझं निरीक्षण तर फार चांगलं आहे. शॅमेलिऑनच्या झोपेतली डोळ्यांची हालचाल 1966 साली 'नेचर' या नियतकालिकात नोंदली गेली होती. पुढे 2016 मध्ये फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेत जिल लॉराँ यांच्या गटाने ऑस्ट्रेलियाच्या दाढीवाल्या सरड्याच्या मेंदूत झोपेच्या दोन अवस्था आलटून पालटून येताना पाहिल्या. एक फेरा साधारण ऐंशी सेकंदांचा. आपल्याला ज्या अवस्थेत स्वप्नं पडतात, तिच्याशी जुळणारी अवस्था सरड्यातही आहे. त्यांना स्वप्नं पडतात का, हे कुणालाच सांगता येणार नाही, पण तू जे पाहिलंस ते खरं होतं.

आता दिवसाचं. निरोगी घोयरा दिवसा झोपत नाही. दुपारी कडक उन्हात सावलीला स्थिर बसेल, पण डोळे फिरतच राहतील, एक इकडे तर एक तिकडे. भर दिवसा डोळे मिटलेला घोयरा झोपलेला नसतो, त्याला त्रास होत असतो. तुझ्या व्हिडिओत त्याचे डोळे आत गेलेले दिसतात, म्हणजे पाणी कमी पडतंय. तू ठेवलेल्या वाटीतलं पाणी त्याला पाणी म्हणून ओळखूच येत नाही. तो पानावरचे थेंब चाटतो. शिवाय पिंजरा खिडकीशी असला तरी मध्ये काच आहे. हाडांसाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते, आणि ते नसले तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. त्यातून पिंजरा बैठकीत! येणारा-जाणारा वाकून बघतो, मांजर खालून टक लावून बसते, रात्री अकरापर्यंत टीव्ही आणि ट्यूबलाइट. एकट्याने राहणाऱ्या या जिवाला लपायला पान नाही, म्हणून तो डोळे मिटून घेतो. माणसांच्या डोळ्यांचे थेंब मात्र त्याच्या डोळ्यांत चुकूनही घालू नकोस.

मोबाइलवरचे जे व्हिडिओ पाहून तू पिंजरा बनवलास, त्यांतले शॅमेलिऑन बहुतेक येमेन-सौदीकडचे, पिंजऱ्यातच जन्मलेले असतात. त्यांच्यासाठी जाळीचे उंच पिंजरे, खास दिवे, तुषार उडवणारी यंत्रं असतात, आणि तरीही ते पाळणं अवघडच समजतात. आपला घोयरा त्यातला नव्हे. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून जास्त जाती आहेत, जवळपास निम्म्या एकट्या मादागास्करात, आणि भारतात फक्त ही एक. आपल्या अंबड-घनसावंगीकडच्या बांधांवरच्या बाभळी, बोरी, निंब हेच तिचं घर. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली घोयरा संरक्षित आहे, त्याला पकडणं आणि घरात ठेवणं हा गुन्हा आहे. तू प्रेमानेच आणलास हे मला ठाऊक आहे, पण कायद्याला ते पुरत नाही, आणि हिरवूलाही नाही.

आता खरवडण्याचं. घोयरा झोपायला फांदीच्या अगदी टोकाशी जातो, जिथे साप चढला तर काडी हलून त्याला जाग यावी. जमिनीवर उतरणं त्याला धोक्याचं. तरीही तो रात्रभर तळाशी असेल, पुढच्या पायांनी कोपरे उकरत असेल, तर कारण मोठंच असलं पाहिजे. तुझ्या शेवटच्या व्हिडिओत तो वळला तेव्हा मी थांबवून पुन्हा पुन्हा पाहिलं. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं आहे आणि कातडीखाली गोल गोल उंचवटे दिसतात. तू लिहितेस की खाणंही सोडलंय. मनू, हिरवू तो नाही, ती आहे, आणि तिच्या पोटात अंडी आहेत.

पावसाळा सरल्यापासून थंडी लागेपर्यंत घोयऱ्याच्या माद्या झाडावरून उतरतात. रस्त्यावर डुलत डुलत चाललेले घोयरे दिसतात त्यांतल्या कित्येक याच असतात, आणि त्याच गाड्यांखाली सापडतात किंवा विषारी समजून दगडांनी मारल्या जातात. घरी आबांनाही सांग, घोयऱ्याला विष नसतं. त्याच्या नजरेनेही काही होत नाही. मादीला हवी असते भुसभुशीत, जराशी ओलसर माती. तीत ती तिरकं बीळ उकरते, दहा ते तीस अंडी घालते, माती लोटून बीळ बुजवते आणि निघून जाते. पिलं बाहेर यायला काही महिने लागतात. तुझ्या पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र आहे. ती रात्र रात्र उकरते आणि तिला माती लागत नाही. अंडी अडकून राहिली तर मादी मरते. इतकं साधं आणि इतकं वाईट आहे हे.

तेव्हा मी सांगते तसं कर. आज संध्याकाळी पानांवर पाणी शिंपड, पिंजऱ्यावर चादर घाल, खोलीतला दिवा लवकर मालव आणि कुणालाही बघायला बोलावू नकोस. लगेच 1926 वर वनविभागाला फोन करून सगळं खरं सांग. फोन करताना बाबांना शेजारी बसव. वनविभागाचे लोक येऊन तिला नेतो म्हणाले तर नेऊ दे, फक्त ती कुठे सापडली ते झाड दाखव. तिथेच सोडा म्हणाले तर ऊन चांगलं तापल्यावर पिंजरा त्या मोसंबीपाशी ने, दार उघडून फांदीला टेकव आणि मागे सर. हातात धरून ओढू नकोस, पोटावर दाब पडेल. मोसंबीच्या त्या ओळीत आठवडाभर कुदळ आणि फवारणी नको, हे बाबांकडून कबूल करून घे. आणि उद्या सकाळी ती डोळे मिटून तळाशी पडलेली, हात लावूनही न हलणारी दिसली, तर कुणाची वाट बघू नका. वनविभागाला तसं सांगून परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जा.

तुला वाईट वाटेल. पण तुझ्याइतकं बारकाईने बघणारी पोर आपल्या घरात दुसरी नाही, आणि हे बघणं झाडाखाली उभं राहूनही होतं. वही घे. संध्याकाळी बांधाने फिर, कोणती फांदी, किती उंच, रंग कधी फिकट झाला, ते लिहून ठेव आणि मला पाठव.

हे पत्र वाचून झालं की आधी फोन कर, उत्तर नंतर लिही.

तुझी,
मावशी