काळीज नेमके कुठे असते?

शाळेत आम्ही हृदयाची आकृती सुबक काढीत असू. चार कप्पे, एका बाजूला तांबडा रंग, दुसऱ्या बाजूला निळा. गुण पैकीच्या पैकी. पण घरात ज्याला काळीज म्हणतात ते हेच का, असे गुरुजींना कधी विचारले नाही. खाटकाकडे कलेजी मागितली तर मिळते ते यकृत, उजव्या बरगड्यांआड असणारे, प्रौढ माणसात सुमारे दीड किलो भरणारे. हृदय जेमतेम मुठीएवढे. कवींनी मात्र काळीज केव्हाच छातीत नेऊन ठेवले, आणि मराठीचे अध्यापक झाल्यावर आम्हीही ते तिथेच राहू दिले.

२००३ साली धाकट्या बहिणीची पाठवणी झाली, त्या संध्याकाळी आई म्हणाली, "सकाळपासून काळजात कालवाकालव होतेय रे." लेक सासरी गेल्यावर आईने दुसरे काय म्हणावे? आम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवला. जबडा ओढतोय, मळमळतेय, असेही ती म्हणाली. त्यावर ओवा दिला. लग्नघरातले जेवण! वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ घ्यायचा नसतो, हे तर आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पुढे धरली. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एक धमनी गुठळीने बंद झाली होती आणि रात्रभरात त्या भागातला स्नायू बराचसा मेला होता. हृदय दिवसाला लाखभर वेळा रक्त ढकलते. पण कप्प्यांतून वाहणाऱ्या त्या रक्तावर त्याचे स्वतःचे भागत नाही, त्याला या बारीक धमन्याच लागतात, हे आम्ही तेव्हा प्रथम ऐकले. आणि जबडा? हृदयाच्या आणि जबडा, हात, पोटाचा वरचा भाग यांच्या संवेदना मेंदूकडे जाताना वाटेत एकत्र येतात. मग दुखण्याचा पत्ता चुकतो. स्त्रियांत आणि मधुमेह असलेल्यांत छातीतली कळ कधी अगदी सौम्य असते, कधी नसतेही. आईला मधुमेह होता. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या आमच्या आकृतीत दुखणे कुठे दाखवलेले नव्हते.

आई पुढे चार वर्षे जगली. जिना चढणे मात्र सुटले. त्या काळात तिने आपल्यापुरती एक व्यवस्था लावून घेतली होती. छातीत काही वाटले की आम्हांला हाक मारून म्हणे, "हार्टमध्ये होतंय, काळजात नाही." बहिणीचा फोन ठेवल्यावर बरोबर याच्या उलट सांगे.