घाटघरच्या गवतात आमची जीप

बालमित्रांनो, डोंगरात तंबू ठोकून राहायचे म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? शेकोटी, भाजलेले बटाटे आणि झोप येईपर्यंत गप्पा! आमच्याही डोळ्यांपुढे तेच होते. २०२२ सालच्या दिवाळीत भाऊबीज आटोपली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही नाशिकहून निघालो. दादा, वहिनी, त्यांचा नववीतला मुलगा, आमचे हे, मी आणि दुसरीत शिकणारी आमची मुलगी. तिला घरात सगळे चिमणीच म्हणतात, म्हणून इथेही चिमणीच म्हणते.

गाडी होती दादाची जुनी जीप. साध्या मोटारीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते, पण या जीपमध्ये एक दांडा ओढला की चारही चाके जोर लावू लागतात. त्यामुळे दगडाधोंड्यांतून, चढावरून ती कुरकुरत का होईना जाते. दादाला या दांड्याचा फार अभिमान. "रस्ता संपतो ना, तिथून आपली सहल सुरू होते," असे तो घोटीपर्यंत तीनदा तरी म्हणाला असेल.

घोटीहून डावीकडे डोंगर सुरू झाले. बारी गाव आले. इथूनच कळसूबाईवर चढतात. १६४६ मीटर, आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर! पुढे शेंडी गाव आणि भंडारदऱ्याचे धरण. प्रवरा नदीवरचे हे दगडी धरण बांधायला १९१० साली सुरुवात झाली आणि ते पूर्ण झाले १९२६ साली. म्हणजे आम्ही गेलो तेव्हा त्याला शंभर वर्षे होत आली होती. धरणाच्या मागे मोठा जलाशय पसरला आहे आणि त्याला वळसा घालून रस्ता जातो. मुरशेत, पांजरे, उडदावणे करत तुम्ही घाटघरला पोचता, तिथून साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर पावती फाडावी लागते.

त्या वर्षी पाऊस दिवाळीच्या तोंडापर्यंत रेंगाळला होता. भाताची खाचरे पिवळी झालेली, काही ठिकाणी कापणी चालू. सगळीकडून पाण्याची झुळझुळ ऐकू येत होती.

घाटघरचा कोकणकडा पाहून मात्र आमची बोलतीच बंद झाली. जमीन एकदम संपते! खाली कोकण. चिमणीने माझा हात इतका घट्ट धरला की बोटे लाल झाली. इथे एक गंमत आहे. कड्याच्या वर एक धरण आणि कड्याच्या खाली दुसरे. विजेची मागणी वाढते तेव्हा वरचे पाणी खाली सोडतात आणि त्यावर २५० मेगावॉट वीज तयार होते. आणि मागणी कमी असते त्या वेळी? तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात! "मग फायदा काय?" भाच्याने विचारले. प्रश्न बरोबरच होता. पाणी वर चढवायला जास्त वीज लागते, खाली सोडल्यावर त्याहून थोडी कमी मिळते. पण वीज डब्यात भरून ठेवता येत नाही ना! म्हणून ती पाण्याच्या रूपाने उंचावर साठवायची.

या गप्पांत सूर्य मावळला. मुक्कामाची जागा ठरलेली नव्हती. साम्रदच्या बाजूला निघालो तेव्हा खाली पाण्याकाठी हिरवट-पिवळ्या गवताचा उतार दिसला. एकही घर नाही, कुंपण नाही. "ही बघा जागा!" दादा म्हणाला. मी म्हटले, "गावात विचारून घेऊ या का?" तो हसला. "अगं, एवढे मोकळे रान कोणाचे असणार?"

मी पुन्हा काही बोलले नाही. बोलायला हवे होते.

बैलगाडीची चाकोरी होती तोवर ठीक होते. मग दादाने दांडा ओढला आणि जीप सरळ गवतात घातली. गवत कमरेइतके! बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी ते सळसळत आडवे होत होते. मुले आनंदाने ओरडत होती. खरे सांगू? मीही ओरडत होते. पन्नास-साठ पावले गेलो असू, आणि मागचे डावे चाक 'फस्स्' करून खाली बसले.

डोंगरात मुरलेले पावसाचे पाणी उताराच्या पायथ्याशी हळूहळू बाहेर पडत राहते. त्याला उपळ म्हणतात. वरून गवत दिसते आणि खाली लोण्यासारखा चिखल असतो. दादाने जोरात गाडी रेटली, तसे चाक जागच्या जागी फिरून आणखी खोल गेले. मग मागे, पुढे, तिरके, पुन्हा मागे. (असे झाले तर इंजिन थांबवायचे, चाकापुढचा चिखल उकरायचा, दगड घालायचे. हे आम्हाला ठाऊक होते, पण अंधार पडू लागला की माणूस घाईला येतो.) अर्ध्या तासाने जीप होती तिथेच होती. आजूबाजूचे गवत मात्र चिखलात लोळत होते.

शेवटी तिथेच तंबू ठोकला. अभयारण्यात जाळ करायचा नसतो, म्हणून शेकोटी नाही. घरून आणलेले थालीपीठ आणि दिवाळीचा चिवडा खाल्ला. चंद्र अगदी कोवळा, तो लवकरच मावळला आणि मग जे आकाश उघडले! डोक्यावर गुरू झगझगत होता. पूर्वेला कृत्तिकांचा झुबका वर आला. चिमणीने त्यात सहा तारे मोजले, भाच्याने सात. झोपताना वाटले, पाण्याकाठी किती छान गारवा आहे. पहाटे कळले! थंड हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत खाली येऊन साचते. आम्ही नेमके खाली होतो. दवाने तंबू आतूनही ओला झाला आणि वहिनी दोन स्वेटर घालून कुडकुडत बसल्या.

उजाडले तेव्हा बाहेर कोणी तरी खोकले. तंबूची चेन उघडली तर एक आजोबा आणि एक आजी उभे. दोघांच्या हातांत विळे. त्यांची नजर आमच्याकडे नव्हती. आमच्या चाकांनी पाडलेल्या त्या दोन लांब पट्ट्यांकडे होती.

"आमचं गवत हाये," आजी एवढेच म्हणाल्या.

रान मोकळे नव्हते. पावसाळाभर त्यांनी त्यात गुरे सोडली नव्हती. दिवाळीनंतर हे गवत कापायचे, वाळवायचे, पेंढ्या बांधून रचून ठेवायच्या आणि उन्हाळ्यात बैलांना घालायच्या. त्याच दिवशी ते कापायला सुरुवात करणार होते.

दादाने पाकिटात हात घातला. आजोबा म्हणाले, "पैसा बैल खात नाय." रागाने नाही, सहज म्हणाले. चिमणी पुढे झाली. "आजोबा, तुम्ही आम्हाला रागावत का नाही?"

"रागावून गवत उभं राहतं व्हय, पोरी?"

मग त्यांनी आधी आमची गाडी काढायचे ठरवले. घरी जाऊन बैलजोडी घेऊन आले. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, काळेभोर डोळे. ही डांगी जात. या भागातल्या मुसळधार पावसातही ती टिकून राहते, कारण तिच्या कातडीतून तेलकट पदार्थ पाझरतो आणि पाणी अंगावरून ओघळून जाते. जवळच राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. चिमणीने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि बोटे चोळून पाहिली. "खरंच तेलकट आहे!"

चाकाखाली दगड रचले, टायरमधली हवा थोडी कमी केली, दोर बांधला. दादा गाडीत, आम्ही मागून ढकलायला आणि पुढे बैल. आजोबांनी जिभेने 'टक् टक्' केले. दोन हिसके, आणि जीप बाहेर! चार चाकांना जोर देणारा तो दांडा होता खरा, पण काम झाले ते आठ पायांनी.

आता खरे तर आम्हाला रतनगडावर जायचे होते. गडाच्या माथ्यावर नेढे आहे. खडकाला आरपार पडलेले भोक, सुईच्या नेढ्यासारखे. भाचा महिनाभर त्याचाच ध्यास घेऊन बसला होता. पण आजी म्हणाल्या, "आडवं पडलेलं आजच कापाया पायजे. नायतर कुजंल."

आमचे हे म्हणाले, "विळे आणखी आहेत का?"

भाच्याचा चेहरा उतरला. तो दादाकडे वळून म्हणाला, "बाबा, काल आत्या विचारून घेऊ म्हणाली होती." दादा काही बोलला नाही. त्याने विळा घेतला.

मुलांनो, गवत कापणे सोपे वाटते! मूठ धरायची, विळा आपल्याकडे ओढायचा. उभे गवत निदान कापले जाते, आडवे पडलेले हातातून निसटते. तासाभरात माझ्या तळहातावर दोन फोड आले. आजींचा हात मात्र यंत्रासारखा चालत होता. मुलांकडे पेंढ्या बांधायचे काम. गवताचाच पीळ करून गाठ मारायची. भाच्याच्या पहिल्या पाच पेंढ्या सुटल्या, मग जमू लागल्या. दुपारपर्यंत त्रेचाळीस झाल्या. चिखलात रुतलेले गवत बैल तोंडात घेणार नव्हते, ते सोडून द्यावे लागले. आजोबांच्या अंदाजाने वीस-पंचवीस पेंढ्यांचे असेल.

"एका बैलाला दिवसाला किती लागतात?" भाच्याने विचारले.

"तीन तरी."

तो मनातल्या मनात हिशेब करत राहिला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "चार दिवस. दोघांचा चार दिवसांचा चारा आपण बुडवला."

निघताना आजींनी नाचणीची भाकरी आणि ठेचा दिला. वहिनींनी उरलेल्या करंज्यांचा डबा त्यांच्या हातात ठेवला. करंज्या मात्र त्यांनी हसत घेतल्या. वरच्या रस्त्यावर आल्यावर मी मागे वळून पाहिले. आमच्या चाकांच्या दोन पट्ट्या तिथूनही स्पष्ट दिसत होत्या.

रतनवाडीला पोचेपर्यंत तीन वाजले. गड चढायला उशीर झाला होता. पण अमृतेश्वराचे देऊळ पाहायचेच होते. काळ्या दगडाचे, बाहेरून इतके कोरलेले की बोट ठेवायला सपाट जागा सापडू नये. शेजारी दगडी पुष्करणी. मागे रतनगड उभा होता. ज्या गडाच्या अंगावरून प्रवरा उगम पावते तो हाच. भाचा बराच वेळ मान वर करून नेढे शोधत होता.

हे सगळे पाहण्याच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. देवळाजवळ मोठे मोकळे मैदान होते. दादाने जीप रस्त्याच्या कडेलाच थांबवली, उतरून पलीकडच्या घरापाशी गेला आणि अंगणात भात पाखडणाऱ्या बाईंना विचारले, "मावशी, इथं गाडी लावली तर चालेल का?"

त्या बाईंनी मैदानाकडे पाहिले, दादाकडे पाहिले आणि खळखळून हसल्या.

"अहो, ते गाड्या लावायलाच हाये!"