आलेख काढतात, तक्ता लावतात

मराठीत आलेख काढतात, रेखाटतात. तक्ता भरतात, लावतात, टांगतात. आलेख चढतो, घसरतो, एखाद्या टप्प्यावर सपाट होतो. तक्ता यातलं काहीच करत नाही, तो भिंतीवर गप्प असतो. एखाद्या फलंदाजाच्या कारकिर्दीचा आलेख उंचावला असं लिहिणारा क्रीडापत्रकार ‘कारकिर्दीचा तक्ता उंचावला’ असं चुकूनही लिहिणार नाही, आणि पहिलीच्या वर्गात मुळाक्षरांचा आलेख टांगलाय असं कुठल्याच बाई म्हणणार नाहीत. संख्याशास्त्राचं पान न उलटलेली माणसंही हा फरक बिनचूक पाळतात. क्रियापदांची इतकी चोख वाटणी झालेली असते तेव्हा तिच्या मुळाशी काहीतरी समज असते. संख्याशास्त्रीय मजकुराचं मराठीत लेखन-संपादन करणारा म्हणून माझं म्हणणं असं, की ही समज आपण वर्गात शिकवतो त्या व्याख्यांपेक्षा पक्की आहे. त्या व्याख्या इंग्रजीतल्या ‘ग्राफ’ आणि ‘चार्ट’ या जोडीवरून बेतलेल्या असतात, आणि ती जोडीच मुळात गोंधळलेली आहे.

गोंधळाचं कारण इतिहासात आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराची आकडेवारी रेषांनी दाखवणारं पुस्तक काढलं. वर्षं आडवी, पौंड उभे, आणि आयात-निर्यातीच्या दोन रेषा, हे आज ओळखीचं वाटणारं रूप तिथून रूढ झालं. त्या पुस्तकात स्तंभालेख एकच आहे, तोही नाइलाजाने आलेला: स्कॉटलंडच्या व्यापाराचे प्लेफेअरकडे एकाच वर्षाचे आकडे होते, रेषा ओढायला काळच नव्हता, म्हणून त्याने सतरा देशांसाठी पट्ट्या काढल्या. पुढे १८०१ साली वृत्तालेखही त्यानेच आणला. या सगळ्याला तो ‘चार्ट’ म्हणत होता, कारण दुसरा शब्दच हाताशी नव्हता. चार्ट म्हणजे मुळात कागद, मग खलाशांचा नकाशा. ‘ग्राफ’ हा शब्द जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर या गणितज्ञाने १८७८ साली वापरात आणला, म्हणजे प्लेफेअरनंतर ब्याण्णव वर्षांनी, आणि तोही रसायनशास्त्रातल्या रेणूंच्या रेखाकृतींसाठी. दोन शब्द दोन वेगळ्या दारांनी घरात आले आणि एकाच खोलीत राहू लागले. मग त्यांच्यात सीमा आखण्यासाठी मागाहून एक नियम सांगितला जाऊ लागला: प्रत्येक ग्राफ हा चार्ट असतो, पण प्रत्येक चार्ट हा ग्राफ नसतो, ग्राफला दोन अक्ष लागतात. हा नियम मराठीत उतरवून पाहा. ‘प्रत्येक आलेख हा तक्ता असतो’ हे वाक्य व्याकरणात बसतं, कानात बसत नाही.

मराठीची वाटणी कशावर झाली आहे? माझ्या मते कसोटी एकच आहे: कागदावरच्या अंतराला संख्येचा अर्थ आहे का? असेल तर आलेख, नसेल तर तक्ता. हृदयाचा ईसीजी घ्या. त्या गुलाबी चौकटींच्या कागदावर आडवा एक मिलिमीटर म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, कारण कागद सेकंदाला पंचवीस मिलिमीटर या वेगाने सरकतो. उभे दहा मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. दोन ठोक्यांच्या शिखरांमध्ये पाच मोठ्या चौकटी असल्या तर ठोका सेकंदाला एक, म्हणजे मिनिटाला साठ. तीनच असल्या तर शंभर. डॉक्टर इथे अक्षरशः अंतर वाचतात, आणि आपण त्याला हृदयाचा आलेख म्हणतो ते योग्यच आहे. आता जन्मकुंडली पाहा. इंग्रजीत तिलाही चार्टच म्हणतात. पण चौथ्या घरातला शनी रेघेच्या किती जवळ लिहिला याला काही अर्थ नाही. तो कुठल्या घरात आहे एवढंच महत्त्वाचं. म्हणून पत्रिका ‘मांडतात’. मूलद्रव्यांची आवर्त सारणी, बाराखडी, शाळेचं वेळापत्रक ही सगळी याच कुळातली. संगणकाच्या पुस्तकात फ्लोचार्टला ‘ओघतक्ता’ असं नाव मिळालं, तेव्हा ज्याने ते सुचवलं त्याच्या कानाने बरोबर निवाडा केला, कारण त्यातला बाण दोन इंच लांब असला काय आणि चार इंच असला काय, क्रम तोच राहतो. आणि वृत्तालेख? त्याला अक्ष नाहीत, त्यामुळे इंग्रजी नियमानुसार तो ग्राफ ठरत नाही. पण त्यातला कोन मोजता येतो: नव्वद अंश म्हणजे चौथा हिस्सा. मराठीने त्याला आलेखांत घेतलं.

कसोटी सगळीकडे चालते असं मात्र नाही. गणिताची जी शाखा बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचा अभ्यास करते, जिचा उगम ऑयलरने १७३६ साली सोडवलेल्या क्योनिग्जबर्गच्या सात पुलांच्या कोड्यात सांगितला जातो, तिला आपण ‘आलेख सिद्धांत’ म्हणतो. तिथे अंतराला काडीचाही अर्थ नसतो. बिंदू हवे तिथे सरकवा, जोडण्या कायम राहिल्या की झालं. सिल्व्हेस्टरचा ग्राफ हाच; इंग्रजीने एक शब्द दोन कामांना जुंपला आणि आपण त्याची सावली उचलली. माझ्या कसोटीने ती आकृती म्हणजे एक जाळं आहे. रूढ झालेलं नाव आता बदलावं असा आग्रह मी धरणार नाही, पण या एका अपवादामुळे कसोटी मोडते असंही मानणार नाही, कारण हा अपवाद मराठीच्या वापरातून उगवलेला नाही, भाषांतरातून आला आहे.

यावर कोणी म्हणेल, माहिती तीच असेल तर तक्ता की आलेख याने काय बिघडतं? रेल्वेत याचं उत्तर मिळतं. प्रवाशाला ‘चार्ट लागला का?’ हे विचारायचं असतं तेव्हा त्याला एक यादी हवी असते: आपलं नाव, डबा, आसन. बोट खाली खाली नेत नाव शोधायचं, सापडलं की काम संपलं. हा अस्सल तक्ता. पण नियंत्रण कक्षात ज्याला चार्टच म्हणतात तो कागद, किंवा आता पडदा, वेगळ्या जातीचा असतो. एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला स्थानकं त्यांच्यातल्या अंतराच्या प्रमाणात, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. जलद गाडीची रेघ उभट, मालगाडीची लोळती, थांबलेली गाडी म्हणजे नुसती आडवी रेघ. पॅरिस-लिआँ मार्गाचा असा एक आलेख फ्रेंच शास्त्रज्ञ एतियेन-जूल मारे यांनी १८८५ च्या आपल्या पुस्तकात छापला आणि तो पुढे फार गाजला. वेळापत्रकात जे आहे त्याहून नवं त्यात काहीच नाही. तरी एकेरी मार्गावर दोन गाड्यांच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू स्थानकावर पडतो की दोन स्थानकांच्या मधे, हे त्यात क्षणात दिसतं, आणि मधे पडणं म्हणजे काय हे सांगायला नको. वेळापत्रकात तेच आकडे असूनही हा छेद कोणालाही दिसत नाही. तो हिशेब करून काढावा लागतो. तक्त्यावर शोधायचं असतं, आलेखावर पाहायचं असतं. एकाच कार्यालयात दोन्हींना चार्ट म्हटलं जातं, आणि तिथली माणसं सरावलेली असल्यामुळे त्यांचं निभावतं. शिकणाऱ्याचं निभावत नाही.

दुसरा आक्षेप शब्दांच्या जातकुळीचा. मुलं ग्राफ म्हणतात, ऑफिसात एक्सेलच्या यादीत सगळ्यालाच चार्ट लिहिलेलं असतं, मग संस्कृताळलेले शब्द कशाला? मला ग्राफ या शब्दाचं वावडं नाही. ‘ग्राफ पेपर’ला आलेख कागद म्हणावं म्हणून मी दुकानदाराशी वाद घालणार नाही. तक्ता हा शब्द तरी कुठे आपल्या मातीतला, तो फारसी तख्त्यावरून आला आणि सुतारापासून शिक्षकापर्यंत सगळ्यांचा झाला. उलट आलेख हा शब्द संस्कृत असूनही सरळ वाटेने आलेला नाही: चौसष्ट कलांतलं आलेख्य म्हणजे चित्रकला, आणि हिंदीत आजही आलेख म्हणजे लेख असाही अर्थ होतो. शब्द कुठून आला यापेक्षा तो ऐकल्यावर डोळा काय करतो हे मी पाहतो. ‘चार्ट काढा’ असं सांगितल्यावर विद्यार्थी चौकटी आखून आकडे भरेल की अक्ष आखून बिंदू मांडेल, हे त्या शब्दावरून कळत नाही. ‘आलेख काढा’ म्हटल्यावर कळतं. शब्दाची उपयुक्तता मी तरी इथेच मोजतो.

हीच मोजपट्टी पाठ्यपुस्तकातल्या शब्दसूचीला लावली तर काही शब्द पुढे येतात, काही मागे पडतात. शब्दसंपदा कशी शिकवावी याचा अभ्यास करणाऱ्या इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: रोजचे शब्द, अनेक विषयांत फिरणारे शब्द, आणि एकाच विषयात राहणारे शब्द, शिकवण्याची मेहनत मधल्या पायरीवर करावी असं त्यांचं मत. आपल्याकडे गणिताच्या तासाला जोर बहुधा तिसऱ्या पायरीवर असतो. स्तंभालेख, जोडस्तंभालेख, विभाजित स्तंभालेख, शतमान स्तंभालेख, ही नावं मुलं धडाधड पाठ म्हणतात. यांतली बरीचशी आकृती समोर असली की आपोआप कळतात, त्यांच्यावर तास घालवण्याची गरज नाही. आयतालेख मात्र वेगळा. कार्ल पिअर्सन यांनी १८९० च्या दशकात ज्याला हिस्टोग्राम म्हटलं, त्याचं हे मराठी नाव वरवर निरुपयोगी वाटतं, कारण स्तंभसुद्धा आयतच दिसतो. पण जरा थांबून विचार केला तर नाव फार हुशारीने पडलं आहे. स्तंभाची फक्त उंची मोजतात, आयताचं क्षेत्रफळ. वर्गांची रुंदी सारखी नसेल तेव्हा आयतालेखात वारंवारता क्षेत्रफळाने दाखवावी लागते, उंचीने दाखवली तर रुंद वर्ग उगाच फुगलेला दिसतो. नावातच सूचना आहे. उदाहरणांत सगळे वर्ग सारख्या रुंदीचे असल्यामुळे ती कोणाच्या लक्षात येत नाही, हे दुर्दैव.

मधल्या पायरीवरचा सगळ्यात मोलाचा शब्द मला ‘प्रमाण’ वाटतो, आणि सगळ्यात निसरडाही. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ‘प्रमाण: X अक्ष १ सेमी = १० एकक’ असं न लिहिल्यास गुण कापले जातात, म्हणून मुलं ते लिहितात, मंत्र म्हटल्यासारखं. पण स्वयंपाकात मिठाचं प्रमाण म्हणजे मात्रा, अंकगणितात प्रमाण म्हणजे समप्रमाण-व्यस्तप्रमाणातलं, तर्कात प्रमाण म्हणजे पुरावा, आणि प्रमाण भाषेतलं प्रमाण आणखी निराळं. आलेखातलं प्रमाण या सगळ्यांहून वेगळं: कागदावरच्या अंतराची संख्येशी झालेली बोली. म्हणजे माझी आधीची कसोटीच या एका शब्दात दडलेली आहे. तक्त्याच्या कोपऱ्यात प्रमाण लिहायला कोणी सांगत नाही. हा शब्द नीट कळला की पुढचं पुष्कळ कळतं, उदाहरणार्थ अक्षाचा सुरुवातीचा भाग गाळला हे सांगणारी, मूळबिंदूजवळ काढलेली ती नागमोडी खूण. तापाच्या रेषालेखात अक्ष पंचाण्णव अंशांपासून सुरू केला तर हरकत नाही, तिथे चढउतार पाहायचा असतो. स्तंभालेखात हीच खूण घातक ठरते, कारण तिथे स्तंभाची पूर्ण लांबी हीच संख्या असते. पंचाण्णव आणि शंभर यांचे स्तंभ नव्वदपासून काढले की एक दुसऱ्याच्या दुप्पट दिसतो. वर्तमानपत्रांतली आकडेवारी पाहताना हे एवढं तपासायला मोठं शिक्षण लागत नाही.

तक्ता आणि आलेख यांतला फरक वर्गाबाहेर कुठे लागतो हे पाहायचं तर अंगणवाडीतलं माता-बाल संरक्षण कार्ड उघडा. त्यात मुलींचा आणि मुलांचा वेगवेगळा वाढीचा आलेख असतो; खाली वय महिन्यांत, बाजूला वजन किलोत, वर हिरवा पट्टा, त्याखाली पिवळा. वक्ररेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवरून आलेल्या. इंग्रजीत याचं नाव ग्रोथ चार्ट, आणि अनेक जण त्याला वाढीचा तक्ताही म्हणतात. तक्ता समजून वाचला तर त्यात प्रश्न एकच उरतो: आजचा बिंदू कोणत्या रंगात? सात महिन्यांच्या मुलीचं वजन साडेसात किलो, हिरव्यात, ठीक आहे. आलेख म्हणून वाचला तर आधी पाचव्या, सहाव्या आणि सातव्या महिन्याचे बिंदू जोडावे लागतात. तीनही साडेसातवरच असले तर रेघ आडवी निघते. तिन्ही बिंदू हिरव्यात आहेत, पण छापलेल्या सगळ्या वक्ररेषा त्या वयात वर जात असताना ही एकटी सपाट जाते आहे. अंगणवाडीच्या ताईंनी मुलीच्या आईला आज बोलावून घ्यायचं की पिवळा रंग लागेपर्यंत थांबायचं, हे ती रेघ काढली आहे की नाही यावर ठरतं.