समुद्र नसलेले बंदर

मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाने समुद्राविषयी फार बोलू नये, असा आमच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्यांचा दंडक आहे. ते मूळचे मालवणकडचे. दुपारचा चहा आला की त्यांना बंदर आठवते. बंदर आठवले की होड्या, होड्यांमागून उडणारे कुरव पक्षी, आणि मग ओघानेच आमच्याकडच्या उन्हाची निंदा! "तुमच्या छत्रपती संभाजीनगरात पाहण्यासारखे आहे काय? लेणी! म्हणजे दगड. जरा उडणारे, ओरडणारे काही आहे का?" असे ते विचारतात. मी हा प्रश्न कित्येक वर्षे निमूटपणे ऐकून घेतला, कारण माझी बाजू लंगडी होती.

मी मराठीचा अध्यापक. चक्रवाकाचा विरह, हंसाचा नीरक्षीरविवेक, चातकाची तहान हे सारे मी वर्गात इतक्या वेळा शिकवले आहे की झोपेतही सांगेन. पण यांपैकी एकही पक्षी मी पाहिला असेल तर शपथ! एकदा एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, चक्रवाक दिसतो कसा?" मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "कवींना तो विरहाचे प्रतीक वाटतो." बिचारीने ते वहीत लिहून घेतले. चार दिवसांनी तीच मुलगी मला व्हरांड्यात भेटली आणि म्हणाली, "सर, तो पैठणला असतो. माझ्या भावाने पाहिलाय."

पैठण! आमच्या घरापासून अवघे पन्नास किलोमीटर. वीस वर्षे ज्याच्या विरहावर गुण मिळवून दिले, तो पक्षी बसने तास-दीड तासाच्या अंतरावर राहत होता!

म्हणून गेल्या फाल्गुनात, होळीच्या आधीच्या रविवारी, आम्ही सहकुटुंब पैठणला निघालो. बरोबर शहरातील एक पक्षिमित्र होते. ते शाळेत गणित शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी पाखरे मोजतात. सौभाग्यवतींनी दशम्या आणि चटणी बांधून घेतली, मुलांनी दुर्बिणीवरून भांडून घेतले. आता गाडीत बसायचे, तोच आई दारात आली आणि म्हणाली, "मी पण येते."

आम्ही सगळेच चपापलो. याला कारण होते. पैठणच्या जलाशयाला सारे जग नाथसागर म्हणते. आई मात्र त्याला कधी नावाने संबोधत नाही. ती म्हणते, "ते पाणी." कारण तिचे माहेर त्या पाण्याखाली आहे.

पैठणच्या धरणाची, म्हणजे जायकवाडी प्रकल्पाची, पायाभरणी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ साली झाली, आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. मधल्या अकरा वर्षांत गोदावरीवर सुमारे दहा किलोमीटर लांबीचा बांध उभा राहिला. मागचे खोरे सपाट, त्यामुळे पाणी खोल न जाता परातीतल्या पाण्यासारखे पसरले. भरलेला जलाशय साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास जागा व्यापतो. एवढ्या जागेत शेते होती, विहिरी होत्या, गावे होती. आईचे लग्न झाले तेव्हा तिचे गाव जागेवर होते. थोरल्या बहिणीच्या बाळंतपणाला ती माहेरी गेली तेव्हा माणसे घरांची दारे-चौकटी काढून गाडीत भरत होती. त्यानंतर तिला माहेर उरले नाही. मामाला नव्या गावठाणात जागा मिळाली, तिथे घरही झाले, पण आई म्हणते, "ती वसाहत आहे. गाव नाही."

चितेगाव, बिडकीन, ढोरकीन अशी गावे मागे पडत होती. कारखान्यांच्या भिंती संपल्या की मध्येच एखादा पळस पेटलेला दिसे, आंब्याच्या मोहोराचा वास गाडीत येई. आई खिडकीबाहेर पाहत होती, बोलत नव्हती.

पैठणचे आणि बंदराचे नाते तसे जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचा उल्लेख आहे. येथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई आणि तेथून जहाजांत चढे. ती वाट वीस दिवसांची होती. म्हणजे सातवाहनांच्या या नगरीला व्यापार होता, पण समुद्र वीस दिवस लांब! पाणी पुढे पैठणच्या दाराशी आले ते दोन हजार वर्षांनी, आणि या बंदरात जहाजांऐवजी पाखरे उतरू लागली.

ही पाखरे येथे का उतरतात, ते पक्षिमित्रांनी मुलांना समजावून सांगितले. पाणी उथळ म्हणून त्यात पाणवनस्पती, शेवाळ, किडे, मासे भरपूर. दिवाळीनंतर जलाशय हळूहळू ओसरू लागतो, आणि काठाचा गाळ उघडा पडतो. त्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात. आणि उरलेल्या चिखलावर लांब चोचीची पाखरे आपली पेर काढतात. १९८६ साली सरकारने हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केला. "पाखरांनी मात्र त्याची वाट पाहिली नव्हती," असे पक्षिमित्र हसत म्हणाले.

आम्ही धरणाची भिंत मागे टाकून एका कच्च्या रस्त्याने काठाशी उतरलो. ऊन अजून कोवळे होते. समोर पाणी, पाणी आणि पाणी. पलीकडचा काठ दिसतच नव्हता. मालवणच्या सहकाऱ्यांना येथे डोळे बांधून आणून सोडले असते तर त्यांनी आधी पाणी चाखून पाहिले असते!

पहिली ओळख झाली ती वारकऱ्यांशी. अंगाने काळेभोर, कपाळावर पांढराशुभ्र टिळा, आणि शेकड्यांनी एकत्र चालणारे हे पाणपक्षी; लोकांनी त्यांचे नाव वारकरी ठेवले आहे. फाल्गुन वद्य षष्ठीला याच पैठणात नाथांच्या समाधीला दिंड्या येतात. माणसांची वारी यायला अजून पंधरवडा होता, पण पाखरांची वारी पाण्यावर आधीच जमली होती. आईने पहिल्यांदा तोंड उघडले ते येथे. "गंध मात्र बरोबर लावलंय," ती म्हणाली.

चिखलात तांबड्या काड्यांसारख्या पायांचे शेकाटे फिरत होते. लांबवर एक फिकट गुलाबी रेघ दिसत होती. दुर्बिणीतून पाहिले तर ते रोहित पक्षी निघाले. मान खाली घालून, चोच उलटी करून, ते पाणी गाळून खात होते. त्यांच्या अंगावरचा गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो, हे ऐकून धाकट्याने आईच्या हातचे बीट खाण्याचे वचन दिले, आणि दशम्या सोडेपर्यंत ते पाळले.

आणि मग चक्रवाक दिसला. जोडी होती. भगव्याकडे झुकणारा विटकरी रंग, फिकट डोके. वाळूच्या जिभेवर दोघे एकमेकांपासून हातभर अंतरावर शांत उभे होते. विरहाचा मागमूसही नव्हता! "रात्री ते चरायला जातात," पक्षिमित्र म्हणाले, "आणि अंधारात एकमेकांना हाका मारतात. त्या हाका ऐकून कवींना वाटले असेल की ताटातूट झाली." मी त्या जोडीकडे बराच वेळ पाहत राहिलो. आपण पोथीतून ओळखत असलेला माणूस अचानक बाजारात पिशवी घेऊन भेटावा, तसे मला झाले होते.

तेवढ्यात वरून कुरव गेले. मी हर्षभराने ओरडलो, "हे तर आमच्या सहकाऱ्यांचे समुद्रपक्षी!" पक्षिमित्रांनी शांतपणे सांगितले की हे तपकिरी डोक्याचे कुरव समुद्रावर जन्मत नाहीत, त्यांची घरटी मध्य आशियातील उंच पठारांवर, सरोवरांच्या काठी असतात. मी ही माहिती दुसऱ्या दिवशीच्या चहासाठी जपून ठेवली.

उन्हे वर आली तेव्हा पाण्याच्या मध्यभागी एक मोठा थवा उतरला. राखाडी अंग, पांढरे डोके, आणि डोक्यामागे दोन काळे पट्टे. "पट्टकादंब," पक्षिमित्रांचा आवाज हलका झाला. "हे हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उडताना यांची नोंद झाली आहे. आता निघतीलच. लडाख, तिबेट, मंगोलिया. अंडी तिकडेच घालतात, पिल्ले तिकडेच वाढवतात, आणि थंडीत त्यांना घेऊन पुन्हा इकडे."

आई दगडावर बसली होती. तिने विचारले, "म्हणजे बाळंतपणाला तिकडं जातात?"

"हो, आजी."

"मग माहेर तिकडंच की त्यांचं. हे सासर." ती थोडा वेळ थांबली. "बरं आहे. जायला माहेर आहे."

आम्ही कोणीच काही बोललो नाही. सौभाग्यवती उगाचच डबा उघडून बंद करू लागल्या.

काठाशी एक भोई जाळे सोडवत बसला होता. पक्षिमित्रांची त्याची ओळख असावी. त्याने आम्हांला मासे हवेत का विचारले, मग पाखरांकडे बोट करून म्हणाला, "ती बसलीत ना, तिथं आम्ही जाळं टाकत नाही. खाली देऊळ आहे. दगडाला अडकतं, फाटतं."

आई उठून उभी राहिली. "मारुतीचं का?"

"कुणाचं ते काय माहीत, आजी. मी जन्मलो तेव्हा पाणीच होतं."

"मारुतीचंच असंल," आई म्हणाली. तिने डोळ्यांवर हात धरला, सूर्याकडे पाहिले, मागे वळून पैठणच्या दिशेकडे पाहिले, आणि मग एकेक जागा दाखवू लागली. "पार इकडं. आमचं घर त्याच्या मागं. विहीर तिकडं खाली. नदी अजून लांब होती." आम्ही तिच्या बोटाच्या दिशेने पाहत होतो. प्रत्येक जागी तेच पाणी होते, आणि त्यावर तीच पाखरे शांतपणे डुलत होती.

२०१६ सालचा उन्हाळा मला आठवला. लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले ते वर्ष. त्या वर्षी येथला साठाही मृतसाठ्याच्या खाली गेला होता, आणि बुडालेल्या गावांचे अवशेष वर आले होते. मामाने फोन करून आईला बोलावले होते: "ये, देवळाचा चौथरा दिसतोय." आई गेली नाही. तेव्हा ती मला म्हणाली होती, "लोकांच्या घशाला कोरड, आणि मी गाव बघायला जाऊ? असलं दर्शन नको." आमच्या शहराच्या नळाला येते ते पाणी याच जलाशयाचे. मी लहानपणापासून ते पीत आलो आहे. धरण भरले की आम्ही पेढे वाटतो. आईही पेढा खाते; पण धरण भरते म्हणजे तिच्या पारावर आणखी एक पुरुष पाणी चढते, हे त्या दिवशी काठावर उभे राहीपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. चक्रवाकाप्रमाणेच हेही मी नुसते ऐकून होतो.

निघताना आईने भोयाला विचारले, "त्यांना कुणी मारत नाही ना रे?"

"नाही, आजी. रात्री शेतात शिरून हरभरा खातात, तेवढा तरास. हाकलतो, पण मारत नाही."

"खाऊ देत," आई म्हणाली. "तिथला हरभरा चांगलाच असायचा."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी मालवणच्या सहकाऱ्यांना कुरवांचे जन्मस्थान सांगितले. त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे ते आमचेही पाहुणेच?" ते म्हणाले, आणि बराच वेळ बंदराविषयी काही बोलले नाहीत. त्या विद्यार्थिनीलाही मी चक्रवाकाचा रंग सांगितला. तिने आधीचे उत्तर खोडून नवे लिहिले की दोन्ही ठेवले, हे मी विचारले नाही. दोन्ही ठेवले असल्यास बरे.

आता दिवाळी आली आहे. पाऊस संपला, काठ हळूहळू उघडा पडू लागेल. परवा आईने आपणहून विषय काढला. यंदाच्या भाऊबीजेला मामाकडे वसाहतीत जायचे नाही, मामालाच धरणाच्या काठावर बोलवायचे, ओवाळायचे ते तिथेच, असे तिने ठरवून टाकले आहे. मी म्हणालो, "आई, पट्टकादंब इतक्यात यायचे नाहीत. चांगली थंडी पडावी लागते."

"नसू देत," आई म्हणाली. "यंदा जागा बघून ठेवू, थंडीत पुन्हा जाऊ. बाळंतीण लेकरू घेऊन सासरी परत येते, तेव्हा दारात भाकरतुकडा ओवाळायला कुणीतरी लागतंच."